पूररेषेचा नकाशा सगळ्यांना खुला असावा का?

नकाशेवाली
सांगलीत पावसाळ्यात सगळ्यांचे कान कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजल्या जाणाऱ्या पाण्याच्या पातळीकडे असतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. पण ४३ फुटांना माझ्या गल्लीत पाणी येणार का, ते या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी गल्लीच्या जमिनीची उंची ठाऊक हवी. ४० आणि ४५ मधला फरक जेमतेम दीड मीटर, आणि उपग्रहावरून मिळणाऱ्या फुकट उंचीत चूकच कित्येक मीटरची! म्हणून उपयोग त्या मोजणीचा, जी सरकारी खर्चाने ड्रोनने किंवा विमानातून लेझरने होते.

ही मोजणी आणि तिच्यावरून आखलेला पूररेषेचा नकाशा खात्याच्या कपाटात न राहता कुणालाही उतरवून घेता यावेत, असं माझं ठाम मत आहे. पीडीएफ नको, मूळ फाइल हवी. जनतेच्या पैशातून तयार झालेली भू-माहिती भारतीय नागरिकांना आणि कंपन्यांना सहज मिळावी, असं केंद्राने १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंच आहे. २०१९ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळच्या शिरोलीपाशी काही दिवस बंद होता. दुधाचे टँकर, औषधं, गॅस, सगळं अडकलं. कुठल्या पातळीला कुठला रस्ता पाण्याखाली जातो, हे हातात असेल तर दूध संघ, औषध विक्रेते, एसटीचा आगार आपापली पर्यायी वाट उन्हाळ्यातच ठरवून ठेवतील.

गावभागकर
ताई, तुमचं चुकीचं नाही. पण तुमच्या त्या फाइलमध्ये आमचं घर आहे. आजोबांनी बांधलं तेव्हा निळी रेषा, लाल रेषा (सरकारने आखलेल्या पुराच्या दोन हद्दी; नदीपासून निळीपर्यंत बांधकामाला मनाई) हे शब्दही कुणी ऐकले नव्हते. उद्या मोबाइलवर बोट टेकवलं की ‘निषिद्ध क्षेत्र’ असं दिसणार. बँक कर्जाला हात आखडता घेणार, गिऱ्हाईक भाव पाडणार. पूर तोच, भिंती त्याच, पण म्हातारपणाची पुंजी पाण्यात. आणि पडत्या भावात घरं उचलणारे तयारच बसलेत.

भाडेकरू
तुमचं नुकसान खरं आहे, पण लपवून ठेवलं की तेच माझ्या माथी येतं. गेल्या महिन्यात फ्लॅट बघायला गेलो. दलाल छातीठोकपणे म्हणाला, इथं पाणी येतच नाही. जिन्यात भिंतीला ताजा रंग होता आणि छातीच्या उंचीला सरळ रेषेत पोपडे धरलेले. खालचा भाग फुगलेला, वरचा गुळगुळीत. मला ते दिसलं म्हणून वाचलो. पोपडे पुरते खरवडून रंग दिला असता तर? नदीकाठच्या जुन्या लोकांना सगळं तोंडपाठ असतं, बाहेरून आलेल्याला विचारायचं कुणाला?

सावध
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपने लोकांच्या धावण्याच्या वाटांचा नकाशा दिला आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यातून परदेशातले सैनिकी तळ उघडे पडले. एकेक माहिती निरुपद्रवी असते, चार एकत्र आल्या की चित्र बदलतं. जलशुद्धीकरण केंद्र, वीज उपकेंद्र कितव्या फुटाला बुडतं हे जगाला कशाला सांगायचं? शिवाय हीच माहिती फुकट नेऊन एखादी कंपनी त्याचं अ‍ॅप आपल्याच पालिकेला विकेल.

नकाशेवाली
@सावध, संवेदनशील बाबींची वेगळी यादी करून त्यांवर बंधनं घालायची तरतूद केंद्राच्या त्या २०२१ च्या सूचनांत आहे. उपकेंद्राचा तपशील झाका, पण सगळ्या शहराच्या जमिनीची उंची त्यापायी झाकू नका. कंपन्यांचं म्हणाल तर लोकांनीच मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाची अट बघा: आमची माहिती सुधारून वाटलीत, तर सुधारलेलीही त्याच अटीवर सगळ्यांना द्या. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमा विकत होत्या तेव्हा दिवसाला पन्नासेक खपायच्या. २००८ मध्ये मोफत केल्यावर हजारोंनी जाऊ लागल्या. कंपन्यांनी त्यावर कमावलं, हो. पण पिकाचा अंदाज, जंगलतोड, धरणातला साठा यांवर जगभर जे काम झालं तेही त्यातूनच.

निवृत्त शाखा अभियंता
एक भर घालतो. नकाशा शिळा होतो. मोजणीनंतर कुणी ओढ्यात भराव टाकला, रस्ता तीन फूट उचलला, की पाणी दुसऱ्याच्या दारात जातं. खुल्या नकाशावर मोजणीची तारीख ठळक छापा आणि भरावाची परवानगी देणाऱ्या खात्याला तो बदल नकाशात नोंदवायची सक्ती करा. तसं झालं नाही तर लोक जुन्या नकाशावर विसंबून घरात थांबतील. मला त्याची फार काळजी वाटते.

गावभागकर
भाडेकरू म्हणतात ते मला नाकारता येत नाही. तरी मी एक अट धरून आहे. निळ्या रेषेच्या आतल्या जुन्या घरांचं काय करणार, पुनर्वसन, तळमजला उचलायला मदत की विमा, ते नकाशा खुला करण्याच्या त्याच आदेशात लिहा. नकाशा आधी आणि मदतीचं ‘नंतर बघू’ असेल, तर माझा विरोध कायम.