शिवकाळात गडावर पाणी, झाडं, कचरा कसं सांभाळायचे? नीट माहिती हवीये

सह्याद्रीवेडी:
नमस्कार मंडळी, मे महिन्यात लेकाला घेऊन शिवनेरीला गेले होते, चौथीत आहे, सध्या डोक्यात फक्त महाराज. वर पोचेपर्यंत आमच्या बाटल्या संपल्या आणि तिथे गंगा-जमुना टाक्यात थंडगार पाणी, तेही मे महिन्यात! तो म्हणाला आई, तेव्हा मोटार नव्हती ना मग पाणी वर कसं चढवलं? मला धड सांगता येईना. आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर चालू आहेत म्हणून हा प्रश्न जास्तच डोक्यात बसलाय. तेव्हाचे लोक हे सगळं ठरवून करायचे का आपणच नंतर कौतुकाने तसं म्हणतो?

टाकं_शोधक:
ताई, पाणी चढवलंच नाही, पडलेलं वरच अडवलं. शिवनेरीची बरीचशी टाकी तर महाराजांच्याही खूप आधीची, सातवाहन काळापासूनची आहेत. पुढच्या वेळी टाक्याच्या वरच्या अंगाला कातळ नीट बघा, बोटभर खोल चर खोदलेले दिसतील, पावसाचं पाणी त्या चरातून टाक्यात उतरतं. काही गडांवर टाकी एकापाठोपाठ एक आहेत, पहिल्यात गाळ बसतो, पुढच्यात निवळ पाणी जातं. आणि खोदताना निघालेला दगड वाया जात नव्हता, रायगडावर गंगासागरातला दगड काढून बांधकामाला लावला असं सांगतात, म्हणजे दगडही मिळाला आणि तळंही झालं.

ठरवून करायचे का, तर हो. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, म्हणजे राज्य कसं चालवावं हे सांगणारा ग्रंथ, १७१५ च्या सुमाराचं आहे, म्हणजे महाराजांनंतरचं, पण पंतांनी महाराजांच्या हाताखाली काम केलेलं. त्यात सरळ म्हटलंय की आधी पाणी बघा मग किल्ला बांधा. आणि झरा आहे म्हणून निवांत राहू नका, लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि पाण्याचा खर्च वाढतो, म्हणून राखीव टाकी वेगळी ठेवा, त्यातलं पाणी एरवी काढू देऊ नका. मला हे वाचताना दरवेळी अंगावर काटा येतो.

परसबाग_नाशिक:
त्याच आज्ञापत्रात कचऱ्याचंही आहे ना! गडावर रस्त्यात, बाजारात केर पडू द्यायचा नाही, झाडलेला केर गडाखाली ढकलायचा नाही, जागच्या जागी जाळायचा आणि ती राख परसात टाकून घरोघरी भाजीपाला करायचा. मी गच्चीवर वांगी-मिरची लावते आणि चुलीची राख गावाहून मागवते म्हणून हे मला फारच जवळचं वाटलं.
झाडांचं पण तसंच, आरमाराला लाकूड लागायचं तरी रयतेच्या आंबा-फणसाला हात लावायचा नाही कारण ही झाडं वर्षा दोन वर्षात होत नाहीत, लोकांनी लेकरासारखी वाढवलेली असतात. अगदीच एखादं जीर्ण झाड असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मग तोडायचं.

मोसमकाठ:
गडाचं झालं, पण गावाचं कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. आमच्या बागलाणात मोसम, आरम आणि तिकडे धुळ्याकडे पांझरा, या नद्यांवर फड पद्धत आहे, तीन-चारशे वर्षं जुनी मानतात. नदीला दगडी बंधारा, तिथून पाट, पाटातून चाऱ्या, सगळं उतारानं वाहतं. जमिनीचे मोठे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, यंदा ऊस असेल तर पुढच्या वर्षी दुसरं. पाणी द्यायला पाटकरी, तो गावानं नेमलेला, कोणी मालकानं स्वतः दार फोडून पाणी घ्यायचं नाही. माझे आजोबा पाटकरी होते, खांद्यावर फावडं टाकून रात्रीचे पाटानं फिरायचे, सख्ख्या भावाचं वावर असलं तरी पाळीआधी थेंब देत नव्हते आणि त्यावरून घरात चार-चार दिवस अबोला चालायचा.

कोरडवाहू:
सगळं खरं आहे, मला पण अभिमान आहे, पण लेकराला सांगताना दुसरी बाजू पण सांगा. १६३० चा दुष्काळ याच मुलखात पडला, तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत त्यात गेली. माझी आजी पेवाचं सांगायची, जमिनीत खोल खड्डा, आतून शेणामातीनं लिंपलेला, बाजूनं कडबा लावून त्यात ज्वारी भरायची, उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी दिवा सोडायचा, विझला तर हवा वाईट. पण पेवातलं धान्य असून असून किती पुरणार, लागोपाठ दोन पावसाळे गेले की गावं ओस पडायची. तेव्हा काटकसर होती ती बरीचशी नाइलाजानं होती आणि टाक्या-पाटावर कोणी पाणी भरायचं, कोणी लांब उभं राहायचं हेही होतं.

मोसमकाठ:
दादा, शेवटचं वाक्य खरं आहे, ते झाकून चालणार नाही. नाइलाजाबद्दल मात्र थोडं वेगळं सांगतो. कमी पावसाच्या साली आमच्याकडे एखादा फड अख्खा कोरडा ठेवायचे. पण प्रत्येकाचा तुकडा बहुतेक सगळ्या फडात असायचा, म्हणून मार सगळ्यांनाच थोडा थोडा बसायचा, एकाच घराचं पूर्ण बुडायचं नाही. हे नाइलाजानं सुचलं असेल, पण बसवलं विचार करून. आता विहिरी आणि मोटारी झाल्या, वर धरण झालं, ज्याच्याकडे पाणी तो कधीही देतो, बऱ्याच ठिकाणी फड मोडले.

सह्याद्रीवेडी:
सगळ्यांचे मनापासून आभार, लेकाला आज हे सगळं वाचून दाखवलं, दुष्काळाचं पण. राखीव टाक्याचं ऐकून म्हणतो आपल्या सोसायटीत एक टाकी कुलूप लावून ठेवूया, सेक्रेटरींना तो स्वतः सांगणार आहे. मोसमकाठ दादा, चालू पाट बघायचा असेल तर कधी यावं?

मोसमकाठ:
दिवाळीनंतर या ताई, गव्हाला पाणी सुरू असतं. बंधाऱ्यापासून पाटानं चालत नेतो, चपला काढून यावं लागेल.