पीएनजी फाईलचे बाइट हेक्समध्ये छापताना पुढे एफएफएफएफएफएफ लागतंय आणि पाचव्या बाइटनंतर प्रोग्राम गप्प बसतो

सेमतीन_त्रस्त:
नमस्कार मंडळी, सी मध्ये छोटा हेक्स डंप लिहायचाय, म्हणजे कुठलीही फाईल द्यायची आणि तिचे बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) दाखवायचे, एवढंच. फोनवरून लिहितोय त्यामुळे कोड शब्दांतच सांगतो, सांभाळून घ्या. विंडोजवर मिनजीडब्ल्यू कंपायलर आहे. एफओपन ला मोड नुसता आर दिलाय, एक कॅर टाईपचा सी नावाचा व्हेरिएबल घेतलाय, व्हाईल मध्ये सी मध्ये एफगेटसी (फाईलमधला एकेक बाइट देणारं फंक्शन) घालायचं आणि ईओएफ (फाईल संपल्याची खूण) येईपर्यंत प्रिंटएफ ने पर्सेंट एक्स आणि एक स्पेस असं छापत जायचं. टेक्स्ट फाईलवर झकास चालतं. पण पीएनजी दिली की हे येतं:

एफएफएफएफएफएफ८९ ५० ४ई ४७ ए

आणि संपलं. फाईल चांगली ४८ केबीची आहे, पेंटमध्ये व्यवस्थित उघडते. त्यात जेपीईजी दिली तर एक अक्षरसुद्धा छापत नाही, एररपण नाही, सरळ प्रॉम्प्ट परत येतो. फाईल ओपन झालीये हे चेक केलंय, नल नाहीये. मित्र म्हणतो फाईल करप्ट आहे, पण दोन्ही फाईली करप्ट कशा असतील? ते पुढचं एफएफएफएफएफएफ घालवायला पर्सेंट झिरो टू एक्स करून बघितलं, ए चं झिरो ए झालं पण ते सहा एफ काही हलेनात.

पायथॉनवाली:
सी चा हट्ट कशाला रे, पायथॉनमध्ये ओपन ला आरबी मोड द्यायचा, रीड करायचं आणि जे बाइट्स मिळतात त्यावर डॉट हेक्स, कंसात एक स्पेस दिली की सुटे सुटे छापून मिळतात, ३.८ पासून ही सोय आहे. एका ओळीत काम. फक्त बी विसरू नकोस, नाहीतर तो पीएनजीला मजकूर समजून डिकोड करायला जातो आणि युनिकोड डिकोड एरर तोंडावर मारतो.

सेमतीन_त्रस्त:
ताई, असाइनमेंटच सी ची आहे हो 🙏

जुनंखोड:
फाईलीला काही झालेलं नाही. तुझ्या त्या चार ओळींत तीन वेगवेगळे घोळ आहेत आणि ते एकत्र आल्यामुळे तुला काही कळेना झालंय, एकेक सुटा करू.

पहिला ते सहा एफ. ८९ म्हणजे बायनरीत १००० १००१, सगळ्यात डावीकडचा बिट १ आहे. तुझ्या मशीनवर साधा कॅर साइन्ड, म्हणजे उणे आकडेही धरणारा, असतो, त्यामुळे तोच बाइट त्याला १३७ न दिसता उणे ११९ दिसतो. प्रिंटएफ कडे जाताना कॅर चा इंट होतो, आणि उणे ११९ ला ३२ बिटांत लिहायचं तर पुढचे चोवीस बिट १ नेच भरावे लागतात, तेच तुझे सहा एफ. ५०, ४ई, ४७ हे सगळे ७एफ च्या आत आहेत म्हणून ते गुण्यागोविंदाने छापले गेले, आणि तुझी टेक्स्ट फाईल इंग्रजी असणार म्हणून तिथे कधी लक्षातच आलं नाही. झिरो टू चा अर्थ कमीत कमी दोन जागा असा आहे, जास्त असतील तर तो कापत नाही.

दुसरा, पाच बाइटनंतर थांबणं. ही गंमत आहे आणि नीट बघण्यासारखी आहे. कुठल्याही पीएनजीचे पहिले आठ बाइट ठरलेले असतात:

८९ ५० ४ई ४७ ०डी ०ए १ए ०ए

आता तुझं आउटपुट याच्या खाली ठेव. ४७ नंतर ०डी यायला हवा होता, तुझ्याकडे थेट ए आला. विंडोजवर नुसता आर म्हणजे टेक्स्ट मोड, आणि त्यात ०डी ०ए ही ओळ संपल्याची जोडी दिसली की लायब्ररी तिचा एकच ०ए करून देते. त्याच्या पुढचा १ए म्हणजे कंट्रोल झेड, टेक्स्ट मोडमध्ये तो दिसला की फाईल संपली असं धरलं जातं. हे सीपीएम या डॉसच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या काळापासून आलेलं आहे, तिथे फाईलची लांबी १२८ बाइटच्या रेकॉर्डांत मोजायचे, मजकूर नेमका कुठे संपला ते कळायला १ए टाकायचे, ती प्रथा डॉसमध्ये आली आणि विंडोजच्या सी लायब्ररीत अजून ठाण मांडून बसलीये. तेव्हा मोड आरबी, म्हणजे बायनरी, कर, दोन्ही त्रास जातील.

आणि हे आठ बाइट असे आहेत ते उगाच नाही. पीएनजी ठरवणाऱ्यांनी मुद्दाम तसे निवडले. ८९ चा वरचा बिट १ आहे, म्हणजे कोणी फाईल सात बिटांच्या वाटेने पाठवली तर तो पहिल्याच बाइटला पकडला जाईल. मधे पीएनजी ही तीन अक्षरं माणसाला वाचायला. ०डी ०ए ची मोडतोड झाली तर कळावं म्हणून ती जोडी, डॉसमध्ये टाईप कमांडने उघडली तर स्क्रीनवर कचरा न येता तिथेच थांबावं म्हणून १ए, आणि शेवटचा सुटा ०ए अशासाठी की उलट दिशेने कोणी ०ए चं ०डी ०ए केलं तर तेही उघड व्हावं. एफटीपीवर (फाईली पाठवायची जुनी पद्धत) आस्की, म्हणजे मजकुराच्या, मोडमध्ये चित्रं पाठवून वाट लावणारे तेव्हा ढिगाने होते. तुझा प्रोग्राम अगदी त्यांनी मांडलेल्या सापळ्यात अडकलाय बघ.

तिसरा जेपीईजीचा. जेपीईजीचा पहिलाच बाइट एफएफ. तो साइन्ड कॅर मध्ये गेला की उणे १, आणि ईओएफ पण उणे १. त्यामुळे लूप सुरू व्हायच्या आधीच खलास. एफगेटसी इंट परत करतं ते याचसाठी, २५६ बाइट अधिक एक ‘संपलं’ अशी २५७ उत्तरं द्यायची असतात, ती एका बाइटात मावणार कशी? सी ला इंट कर.

घाटावरचा_कोडर:
एवढं पुराण कशाला, पर्सेंट झिरो टू एचएच एक्स टाक, सहा एफ गायब. किंवा प्रिंट करताना अँड झिरो एक्स एफएफ कर.

जुनंखोड:
दिसायचे बंद होतील, बरोबर आहे. पण व्हेरिएबल कॅरच राहिला तर जेपीईजी तशीच रिकामी आणि कुठल्याही फाईलमध्ये मधेच एफएफ आला की तिथे डंप थांबणार, आणि तेव्हा तर आउटपुट दिसायला छान असल्यामुळे शंकाही येणार नाही. म्हणून मूळ टाईप बदला म्हणतोय.

पाय_वर_खेळणारा:
यात अजून एक भर. हाच कोड जसाच्या तसा रास्पबेरी पाय वर चालवला तर सहा एफ येतच नाहीत, कारण त्याच्या एआरएम प्रोसेसरच्या लिनक्सवर जीसीसी कंपायलर साधा कॅर अनसाइन्ड (उणे नसलेला) धरतो. खूश व्हायच्या आत कळतं की आता लूपच संपत नाही, कारण फाईल संपल्यावर आलेला उणे १ कॅर मध्ये जाऊन २५५ होतो आणि २५५ कधीच ईओएफ च्या बरोबर होत नाही, स्क्रीनभर एफएफ एफएफ एफएफ धो धो. साधा कॅर साइन्ड की अनसाइन्ड हे सी च्या स्टँडर्डने कंपायलरवर सोडलंय, त्यामुळे एफगेटसी चं उत्तर इंट मध्येच घ्यायचं, आणि बाइट साठवायचे म्हटलं की अनसाइन्ड कॅर, विषय संपला. जावावाल्यांना तर तोही पर्याय नाही, तिथे बाइट साइन्डच, मग इंटिजर डॉट टू हेक्स स्ट्रिंग ला नुसता बाइट दिला की हेच सहा एफ तिथेही भेटतात. जावा १७ मध्ये हेक्सफॉरमॅट नावाचा क्लास आला तेव्हापासून जरा सुख आहे.

सेमतीन_त्रस्त:
जुनंखोड काका, मानलं तुम्हाला 🙏 इंट आणि आरबी केलं, पीएनजी जेपीईजी दोन्ही पूर्ण छापल्या जातात आता. आता सरांना डावीकडे ऑफसेट, मधे सोळा बाइट, उजवीकडे अक्षरं असं पाहिजे. आणि माझं आउटपुट बरोबर आहे की नाही ते ताडून बघायला लिनक्सच्या लॅबमध्ये हेक्सडंप कमांड मारली तर ती म्हणते ५०८९ ४७४ई ०ए०डी ०ए१ए. म्हणजे परत माझंच चुकतंय का?

पाय_वर_खेळणारा:
तुझं बरोबर आहे. हेक्सडंप ला काही न सांगता चालवलं की तो दोन दोन बाइटांचा एक आकडा धरून छापतो, आणि इंटेलवर धाकटा बाइट आधी असतो म्हणून जोडीतले दोघे उलटे दिसतात. वजा कॅपिटल सी दे, बाइट ओळीने येतील आणि उजवीकडे अक्षरंही. नाहीतर एक्सएक्सडी वापर, विम सोबत येतो. विंडोजवर पॉवरशेलमध्ये फॉरमॅट-हेक्स आहे.

ऑफसेटवाल्यासाठी एफगेटसी सोड, सोळा बाइटांचा अनसाइन्ड कॅर चा अ‍ॅरे घे आणि एफरीड (एकदम अनेक बाइट वाचणारं फंक्शन) कर. एफरीड किती बाइट मिळाले ते सांगतं, तो आकडा शून्य होईपर्यंत लूप, ईओएफ शी तुलनाच नको. छापताना मात्र सोळापर्यंत नाही तर तेवढ्याच आकड्यापर्यंत जायचं, नाहीतर शेवटच्या ओळीत मागच्या ओळीचे उरलेले बाइट दिसतात आणि फाईल आहे त्यापेक्षा मोठी वाटते. जे कमी पडतील तिथे तीन तीन स्पेस, म्हणजे उजवा रकाना सरळ राहील. अक्षरांना ३२ ते १२६ मधलं असेल तर तेच, नाहीतर टिंब.

स्मरणिकावाले:
मध्येच घुसतोय, पण विषय निघालाच आहे तर. आमच्या मंडळाच्या जुन्या स्मरणिकेच्या टेक्स्ट फाईली आहेत, उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. हेक्समध्ये बघून मराठी परत मिळेल का?

जुनंखोड:
परत मिळेल की नाही ते नंतर, पण काय आहे ते नक्की कळेल. युनिकोड मराठी असेल तर यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक अक्षरखुणेला तीन बाइट जातात आणि सुरुवात ई० ए४ किंवा ई० ए५ ने होते. ‘मराठी’ हा शब्द असा दिसतो:

ई० ए४ एई, ई० ए४ बी०, ई० ए४ बीई, ई० ए४ ए०, ई० ए५ ८०

म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. पाच गुणिले तीन, पंधरा बाइट. डंपमध्ये ई० ए४ ची रांग दिसली तर मजकूर शाबूत आहे, एडिटरला एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगा, काम झालं. ती दिसत नसेल आणि बहुतेक बाइट २० ते ७ई मधलेच असतील, तर ते शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधलं टायपिंग असणार. त्या फाईलीत देवनागरी नसतेच, रोमन अक्षरांचेच बाइट असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार काढतो. तिथे आधी फॉन्ट कोणता ते शोधा, मग त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर. चुकीच्या फॉन्टचा लावलात तर खिचडीची भेळ होईल.

सेमतीन_त्रस्त:
शेवटचं एकच विचारतो. पीएनजीची रुंदी (शून्यापासून मोजलं तर) १६ व्या बाइटपासून चार बाइट आहे म्हणे. डंपमध्ये ०० ०० ०२ ८० दिसतंय, चित्र ६४० रुंदीचं आहे, २८० हेक्स म्हणजे ६४० हे जुळतं. पण तेच चार बाइट इंट मध्ये एफरीड केले तर रुंदी उणे २१४ कोटी काहीतरी येते??

पाय_वर_खेळणारा:
मगाशी हेक्सडंपने जे केलं तेच आता तुझा इंट करतोय. पीएनजीत मोठा बाइट आधी, इंटेलवर धाकटा आधी, म्हणून त्याने ते ८००२०००० असं वाचलं, वरचा बिट १, झालं उणे. चार बाइट अनसाइन्ड कॅर च्या अ‍ॅरेत घे, प्रत्येकाला अनसाइन्ड इंट मध्ये कास्ट कर, पहिला २४ ने डावीकडे सरकव, दुसरा १६ ने, तिसरा ८ ने, चौथा तसाच, आणि सगळे ऑर करून जोड. हा कोड कुठल्याही मशीनवर ६४० च देतो. बीएमपीला मात्र उलट्या क्रमाने जोडावं लागेल, तिथे हीच रुंदी १८ व्या बाइटपासून ८० ०२ ०० ०० अशी असते.