वजन ‘उतरलं’, चरबी ‘झडली’ की अंग ‘वाळलं’?

विचारणा (दर्यापूर तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी पहाटे धावतात. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर असतं, पण दमसास वाढावा म्हणून आम्ही लांब पल्ल्याची धावही घेतो. प्रत्येकाची वही आहे. वजन, बेंबीवरून कमरेचा घेर आणि कॅलिपरने (जाडी मोजायच्या चिमट्याने) धरलेल्या पोटाच्या वळीची जाडी तिच्यात लिहितो. यावरून अंगात चरबी किती आणि बाकीचं किती याचा अंदाज घेतो, त्याला बॉडी कम्पोझिशन म्हणतात. रकान्याच्या डोक्यावर मराठीत काय लिहावं? एकाने ‘शरीररचना’ लिहिलं, दुसऱ्याने ‘बांधा’.

दुसरी अडचण क्रियापदाची. आकडा खाली आला की सगळे ‘वजन कमी झालं’ एवढंच लिहितात. घरी आई म्हणते, “काहून रे, लय वायला! जेवाले भेटत नाही का तुले?” (वायला म्हणजे वाळला.) दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतात का?

उत्तर (यवतमाळ)

‘शरीररचना’ नको. कोणतं हाड कुठे, कोणती नस कुठून जाते, त्या शास्त्राचं ते नाव आहे. ‘बांधा’, ‘चण’, ‘अंगकाठी’ हेही चालणार नाहीत. लहान चणीचा मुलगा वर्षभर धावला तरी त्याची चण तीच राहते, आणि तुम्हाला तर बदल नोंदवायचा आहे. मी ‘शरीरघटक’ लिहीन.

उत्तर (वर्धा)

‘शरीरघटक’ला माझंही मत. आता त्याखालच्या शब्दांचं बघू, कारण खरा घोळ तिथे आहे.

आपल्याकडे हिंदी कानावर असते, त्यामुळे व्यायामाचे व्हिडिओ बघून पोरं ‘वसा’ आणि ‘मांसपेशी’ लिहितात. मराठीत वसा घेतात. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये, असं श्रावणातल्या कहाण्यांत ऐकलेल्या माणसाला ‘वसा १८ टक्के’ वाचून काय कळणार? आयुर्वेदात वसा आहे, पण तिथे तो मांसातला स्नेह, आणि सात धातूंमध्ये मोजतात तो मेद. डॉक्टर ‘मेद’ लिहितात, तो बरोबरच आहे. वहीत मात्र ‘चरबी’ लिहा. ‘लय चरबी चढली त्याला’ म्हणजे माज, हा अर्थ आहे खरा, म्हणून एखाद्या जाड मुलाचा आकडा चारचौघांत वाचून दाखवू नका.

‘पेशी’ म्हणजे मराठी शाळेत सजीवाचा सूक्ष्म घटक. म्हणून ‘मांसपेशी’ऐवजी ‘स्नायू’. पण एकूण वजनातून चरबी वजा केली की उरलेलं सगळं स्नायू नसतं. त्यात हाडं, रक्त, आतडी, यकृत आणि पुष्कळसं पाणी असतं. एके ठिकाणी त्याला ‘कृश भार’ म्हटलेलं मी वाचलं. कृश म्हणजे हडकलेला, अर्थ पार उलटा झाला. ‘चरबीवेगळं वजन’ म्हणा, कुणालाही समजेल.

क्रियापदांच्या बाबतीत आपली भाषा श्रीमंत आहे, ती वापरत नाही एवढंच. ‘उतरणं’ हे काट्याचं काम, आकडा खाली आला एवढंच त्यातून कळतं. धावून आलेला मुलगा लगेच काट्यावर उभा राहिला आणि किलोभर कमी भरला, तर तो जवळजवळ सगळा घाम असतो. १ लीटर पाण्याचं वजन १ किलो, माठाजवळ गेला की परत येतं. तिथे ‘घाम गेला’ असंच लिहा. लांब धावेनंतर दुसऱ्या दिवशीही वजन हलकं लागतं. स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपलेला असतो आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणीही जातं. भाकरी-वरण पोटात गेलं की तेही भरून येतं.

चरबी ‘झडते’. सागाची पानं एकेक करून गळतात तशी, एका सकाळीत नाही. ६० किलोचा माणूस १ किलोमीटर धावला तर साधारण ६० किलोकॅलरी खर्च होतात, आणि अंगातल्या १ किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. म्हणजे ५ किलोमीटरची सगळी ऊर्जा चरबीतूनच आली असं धरलं तरी ४० ग्रॅमच्या आसपास. ‘आज दोन किलो चरबी उडवली’ असं पोरं सांगतात तेव्हा त्यांना हा हिशेब जरूर मांडून दाखवा, नाहीतर पुढच्या आठवड्यात ती जेवण सोडतात.

उलटही होतं. नवीन मुलाने दमसासाचा सराव सुरू केला की पहिल्या काही आठवड्यांत त्याच्या रक्तातला पाण्याचा भाग वाढतो. वजन हलत नाही, कधी थोडं चढतंही, आणि पँट मात्र सैल होते. त्याला ‘वजन वाढलं’ म्हणून ओरडा बसू नये.

‘वाळणं’ वेगळं. आई पोट बघत नाही, ती गाल आणि दंड बघते. तिच्या शब्दात एक मोजमाप आहे जे तुमच्या वहीत नाही: दंडाचा आणि मांडीचा घेर. तो रकाना आजच वाढवा. कंबर कमी झाली आणि दंड-मांडी तशीच राहिली, तर चरबी झडली. दंड-मांडीही आटली आणि १६०० मीटरची वेळ बिघडत चालली, तर अंग वाळलं. खाणं कमी पडतंय किंवा विश्रांती. ‘रोडावणं’ त्याच्या पुढचं आणि ‘खंगणं’ आजारपणाचं. हा शब्द तोंडात आला की डॉक्टरकडे न्यायचं.

उत्तर (अमरावती)

एक बारीकसा भेद. वजन ‘मोजतात’, चरबीची टक्केवारी ‘काढतात’. कॅलिपर फक्त मिलिमीटर सांगतं. त्यावरून १९७४ च्या डर्निन-वोमर्स्ली सूत्रांनी शरीराची घनता काढायची, आणि घनतेवरून १९६१ च्या सिरी सूत्राने टक्केवारी. इतक्या पायऱ्या चढून आलेल्या आकड्याला ‘मोजली’ म्हणणं मला पटत नाही. जिममधला पाय ठेवायचा काटाही अंदाजच काढतो. तो अंगातून बारीक वीज सोडतो, ती पाण्यातून सहज वाहते आणि चरबीतून नाही. घामाने कोरडा झालेला पोरगा त्यावर उभा राहिला तर चरबी जास्त दाखवू शकतो. मी तर म्हणेन, टक्के सोडाच, वळीचे मिलिमीटर जसेच्या तसे लिहा. आणि कॅलिपर कातडीचंच हवं, शाळेच्या प्रयोगशाळेतलं व्हर्निअर नको. कातडीचं कॅलिपर ठरलेल्या दाबानेच वळी धरतं.

विचारणाऱ्याचं उत्तर

काका, दंड-मांडीचा रकाना आज आखला. टक्क्यांचा खोडला.

उत्तर (चंद्रपूर)

दादा, मुलींच्या वहीबद्दल कुणीच बोललं नाही. मुलगा उतरला तर ‘वाळला’, मुलगी उतरली तर ‘छान बारीक झाली’. एकाच्या वाट्याला काळजी आणि दुसरीच्या वाट्याला कौतुक, आणि त्या कौतुकापायी मुली रात्रीचं जेवण टाळतात. जगायला लागणारी चरबीच बाईच्या अंगात पुरुषापेक्षा पुष्कळ जास्त असते, पुरुषाला वजनाच्या सुमारे ३ टक्के तर बाईला १२ टक्के धरतात. धावणं वाढलं आणि खाणं तेवढंच राहिलं की पाळी लांबते, कधी थांबते, आणि हाडं कमजोर व्हायला लागतात. ‘सरावामुळे होतं असं’ म्हणून ते सोडून देतात. देऊ नका. मुलींच्या वहीत ‘बारीक’ हा शब्दच नको, आणि ‘पाळीची तारीख’ असा रकाना हवा. सलग तीन महिने तो कोरा राहिला तर धावणं कमी करून दवाखाना.

विचारणाऱ्याचं उत्तर

ताई, रकाना ठेवतो. ‘पाळी’ लिहायला मुली लाजतील असं वाटलं होतं, पण आमच्याकडे धावणाऱ्या थोरल्या पोरीला विचारलं तर ती म्हणाली, नुसतं ‘तारीख’ लिहा, आमाले समजते. मुलींच्या वह्या आता तिच्याजवळच राहतील.