हाताने बनवलेला पाच तारी बेस गिटार घेतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे गिटारवाले बरेच दिसतात, बेसवाले कमी. तरी विचारून बघतो.

मी न्यू जर्सीत असतो. मंडळाच्या गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा आणि एरवी मित्रांबरोबर थोडंफार जॅझ, एवढंच माझं वाजवणं. आता हौस म्हणून ब्रुकलिनमधल्या एका छोट्या वर्कशॉपकडून पाच तारी बेस बनवून घेतोय. ब्रुकलिन म्हटलं की फोडेरा ही बेस बनवणारी कंपनी आठवते (१९८३ पासूनचे, प्रसिद्ध बेसवादक व्हिक्टर वूटनचा बेस त्यांचाच), पण ते माझ्या खिशाबाहेरचं. ॲडव्हान्स भरण्याआधी या लोकांनी लाकडापासून तारांमधल्या अंतरापर्यंत सगळं ठरवून मागितलंय आणि तिथेच अडलोय.

पहिला प्रश्न स्केलचा, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीचा. ३४ इंच की ३५? फेंडर कंपनीने १९५१ च्या प्रिसिजन बेसला ३४ ठेवलं, तेव्हा सगळ्यात खालची तार ई होती, ४१ हर्ट्झ. पाच तारीत तिच्याही खाली बी येते, ३१ हर्ट्झ. ती ३४ वर ढिली पडते, नुसती घरघरते, असं बरेच जण म्हणतात. तीच तार त्याच सुरात ३५ वर लावली की ताण सुमारे सहा टक्के वाढतो. कॅनडातले बेस बनवणारे डिंगवॉल तर फ्रेट (घरं पाडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) तिरके टाकून बी ३७ इंच आणि जी ३४ इंच ठेवतात. पण माझी बोटं आखूड आहेत. पहिल्या चार घरांत हात फार ताणावा लागेल का?

दुसरा, आणि खरा घोर, नेकचा (बेसच्या दांडीचा). येत्या काही वर्षांत पुण्याला परतायचंय. इथे हिवाळ्यात हीटर लावला की घरातली हवा पार कोरडी, तिकडे जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातले कपडेसुद्धा दमट. नेक मेपलच्या पाच पट्ट्या चिकटवून करणार आहेत, आत ग्रॅफाइटच्या दोन सळ्या घालायलाही तयार आहेत. जास्तीचे पैसे मोजण्याइतका फरक पडतो का? मागून नुसतं तेल ठेवू की लॅकर? तेलाचा स्पर्श मला फार आवडतो.

फ्रेटबोर्ड (नेकवरची, फ्रेट बसवायची फळी) भारतीय शिसवाचा हवाय. (म्हणजे शिसव आपल्याकडून ब्रुकलिनला जाणार आणि बेस होऊन परत येणार!) साइटीसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) नियमांत अडकेल का? प्रीअँपबद्दल (बेसमधलं आवाज घडवणारं सर्किट) मुद्दाम विचारत नाही, त्यावर भांडणंच होतात.

खर्जवाला: चार घरांत मिळून फरक जेमतेम पाच मिलिमीटर. बोटांचं सोडा. नुसता ताणच हवा असेल तर ३४ वर ०.१३० ऐवजी ०.१३५ इंच जाडीची बी लावा, जवळपास तेवढाच वाढतो. मात्र जाड तार कमी लवचीक, तिचे वरचे स्वर किंचित चढे लागतात आणि आवाज बोथट होतो. लांब स्केलचा खरा फायदा तिथे आहे. वर्कशॉपमध्ये ३४ चा एखादा तयार बेस असेल तर जाऊन बी वाजवा, पाचव्या घराच्या पुढे सुद्धा. मग ठरवा.

कृष्णाकाठ: सळ्या घालाच. नेक पिळवटला तर ट्रस रॉडने (नेकच्या आतली, फिरवून कसता येणारी धातूची सळी) तो पीळ निघत नाही, रॉड फक्त बाक काढतो. लॅकरने ओलावा थांबत नाही, नुसता हळू शिरतो, तेव्हा तेल आवडत असेल तर खुशाल तेल. ट्रस रॉडचं चाक मात्र बॉडीच्या बाजूला, बाहेरून फिरवता येईल असं मागून घ्या. पुण्यात पाऊस सुरू झाला की एकदा आणि दिवाळीनंतर एकदा हात लावावाच लागेल.

रंधा: भारतीय शिसव जानेवारी २०१७ पासून साइटीसच्या परिशिष्ट दोनमध्ये आलं, पण तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून सूट आहे. ब्राझीलचं शिसव १९९२ पासून जास्त कडक अशा परिशिष्ट एकमध्ये, त्याला ही सूट नाही. म्हणून बिलावर लाकडाचं शास्त्रीय नाव, डालबर्जिया लॅटिफोलिया, लिहून घ्या.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. चाकाचं लक्षातच आलं नव्हतं, आजच कळवतो त्यांना. पुण्यात फ्रेटचं काम नीट करणारं कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.