मे महिना सोडा, तान्ह्या पोळ्याला न्या

‘परदेशात वाढलेल्या मुलांना आपलं गाव आवडतच नाही’ असं या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय. पण नेलं कधी, तर मे महिन्यात! विदर्भात तेव्हा पारा ४५ अंशांवर. सकाळी दहानंतर दारं बंद, कूलर चालू, मोठी माणसं झोपलेली. पोरं कंटाळतील नाही तर काय?

माझी लंडनची भाचरं यवतमाळकडच्या आमच्या गावी पहिल्यांदा आली ती पोळ्याला. मोठ्या पोळ्याच्या झडत्या, म्हणजे तोरणाखाली म्हणायची कवनं, त्यांच्या डोक्यावरून गेल्या, आणि तिथली शिंगं रंगवलेली बैलांची धूडं बघून धाकटी माझ्यामागे लपली. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा मात्र पोरांचाच. चाकं लावलेला लाकडी बैल सजवायचा, दोरीनं ओढत घरोघर न्यायचा. बाया त्याला ओवाळतात आणि पोरांच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे पैसे नाहीतर खाऊ. दर दारात एकच प्रश्न, “कोनाचा व्हय रे तू?” आजोबांचं नाव सांगितलं की आणखी दहाची नोट. भाच्याचा निष्कर्ष: “हॅलोविनसारखंच आहे, पण इथे सगळे आबांना ओळखतात.”

पोळा श्रावण अमावास्येला, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरच्या पूर्वार्धात. अमावास्या लवकर आली तर इंग्लंडच्या शाळांच्या सुट्टीत बसतो. अमेरिकेत तोवर बहुतेक शाळा सुरू झालेल्या असतात, त्यांनी डिसेंबरअखेरीस यावं. कापसाची वेचणी चालू असते, आणि ऊनही सोसवतं.