खांद्याचे व्यायाम: कुठलं दुखणं चालवून घ्यायचं?

उजवा खांदा फ्रोझन शोल्डर (खांदा आखडून हालचाल कमी होणं) निघालाय, फिजिओ चालू होऊन तीन आठवडे झाले. घरी करायला पेंड्युलम (पुढे वाकून हात सैल सोडून झुलवणं), भिंतीवर बोटं चढवत हात वर नेणं आणि पाठीमागे टॉवेल धरून वर ओढणं असं दिलंय. पहिले दोन ठीक आहेत पण टॉवेलला अक्षरशः डोळ्यांत पाणी येतं. फिजिओ म्हणतात थोडं दुखणारच, नवरा म्हणतो दुखतंय तर करतेस कशाला, आता थोडं म्हणजे किती हे कोणी सांगेल का? रात्री त्या कुशीवर तर झोपताच येत नाही.

प्रतिसाद १
मी यातून गेलोय (डावा). मला फिजिओ दुखण्याला ० (काहीच नाही) ते १० (असह्य) मध्ये आकडा द्यायला सांगायचे. व्यायाम करताना ३-४ पर्यंत चालू द्या, ५ च्या वर गेलं की हात कमी न्या. पण खरं सांगू का, माझ्यासारखा हट्टी माणूस ७ ला पण ४च म्हणतो, त्यामुळे आकड्यापेक्षा नंतर काय होतं ते बघा. दुखणं तासा-दोन तासांत उतरलं आणि सकाळी खांदा कालच्याइतकाच असेल तर बरोबर चाललंय. रात्री ठणका वाढला, सकाळी हात कालपेक्षा कमी उचलला जातोय, म्हणजे जास्त झालं. फ्रोझन शोल्डरमध्ये सुरुवातीचे काही महिने खांदा नुसता चिडलेला असतो, तेव्हा जोर लावून ओढलं तर उलटंच होतं. मी ओढला होता, तीन रात्री खुर्चीत बसून काढल्या.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, फक्त दुखण्याची जात पण बघा. ओढ बसणं, ताण, दुसऱ्या दिवशी दंड भरून येणं, हे चालतं. सुरी फिरवल्यासारखी सणक, कोपराखाली उतरणारी कळ, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा आला की तिथेच थांबायचं आणि फिजिओंना कळवायचं. हातातला जोरच अचानक गेला तर वाट बघू नका, डॉक्टर गाठा. आणि एकदा आरशासमोर करून बघा, हात वर नेताना खांदा कानाकडे चढतो का ते, माझी मान त्यानेच धरली होती.

प्रतिसाद ३
ऑपरेशन झालेल्यांनी हे ३-४ चं गणित स्वतःला लावू नये हं. माझा खांद्यातला फाटलेला टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) शिवला होता, तिसऱ्या आठवड्यात दुखायचं थांबलं म्हणून स्लिंग (हात अडकवायची झोळी) काढून भरलेली किटली उचलली. दुखलं काहीच नाही, बोलणी मात्र भरपूर खाल्ली. शिवलेलं जुळून यायला वेळ लागतो, तिथे सर्जन सांगतील तेच.

धागाकर्ती
सगळ्यांना थँक्स. काल प्रामाणिकपणे आकडा दिला, टॉवेल ७! आज हिसका न देता नुसता ताण जाणवेल तिथे थांबले तर ३ वर आलं, आता सकाळी बघते. एक विचारायचं राहिलं, व्यायामाआधी पेनकिलर घेते ते चालतं ना?

प्रतिसाद १
कालचा ७ गोळी घेऊन की न घेता?

धागाकर्ती
घेऊन :(

प्रतिसाद १
अहो मग खरा आकडा आणखी वरचा असणार. कधीकधी डॉक्टरच आधी घ्यायला सांगतात, पण तसं सांगितलं नसेल तर विचारून घ्या, आणि फिजिओंना गोळीचं आजच सांगा, त्यांना वाटत असेल तुम्ही तशाच करताय.