मदत हवी आहे: गिअर टाकायला मजाच येत नाही, शॉर्ट शिफ्टर लावू की आधी दुसरं काही बघू?

मंडळी नमस्कार, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहायची पाळी आली. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गाडी २०१६ ची टर्बो पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअर, मॅन्युअल, ९४ हजार किमी झालेत, मी सेकंड ओनर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. मागे एकदा लिहिलं होतं तर सगळे प्रतिसाद "ही घेतलीसच कशाला" यावरच गेले आणि माझा प्रश्न कोपऱ्यात बसून राहिला. इंजिन मस्त आहे, टर्बो जागा झाला की चेहऱ्यावर आपोआप हसू येतं, स्टिअरिंग पण छान वजनदार आहे. दुखणं एकच, गिअरचा दांडा.

कसं सांगू, एक वरून दोन मध्ये टाकताना पावसाळ्यात फुगलेल्या दरवाजासारखं वाटतं, आधी अडतो, जोर लावला की एकदम धप्पकन आत. सकाळी पहिले दोन-तीन किमी हे जास्त, मग कमी होतं पण जात नाही. तिसऱ्यात गाडी पळत असताना दांडा डावी-उजवीकडे हलवला तर चांगला दोन बोटं हलतो, म्हणजे गिअरमध्ये आहे की न्यूट्रलला तेच कळत नाही. आणि रिव्हर्स टाकताना कधीकधी कर्रर्र, सोसायटीचा वॉचमन मान वळवून बघतो, लाज वाटते हो.

आधी मला यात काही वावगं वाटत नव्हतं, जुनी गाडी आहे, चालायचंच. पण दिवाळीत मित्राची जुनी होंडा सिटी व्हीटेक चालवायला मिळाली, माझ्या गाडीपेक्षा कितीतरी म्हातारी, आणि तिचा गिअर म्हणजे कॅरमची सोंगटी पॉकेटमध्ये पडावी तसा टक् करून बसतो. घरी येऊन माझ्या गाडीत बसलो आणि मूडच गेला.

रोजचा रूट मुलुंड ते अंधेरी, जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड). ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. पवईला पोचेपर्यंत एक-दोन-एक-दोन इतक्या वेळा होतं की डावा हात आणि डावा पाय दोघं युनियन काढतील. रविवारी पहाटे जमलं तर कसारा घाट, तेवढीच काय ती चैन, आणि तिथेच नेमका दोन-तीन-दोन करताना हा दांडा दगा देतो.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. ऑनलाइन स्टीलचा जड नॉब मागवला, साडेचारशे ग्रॅमचा. आटे जुळेनात. (होंडाला एम१० बाय १.५, टोयोटाला एम१२ बाय १.२५ असं प्रत्येकाचं वेगळं असतं हे नंतर कळलं, आधी बघून घ्या.) वर माझ्या गाडीत रिव्हर्ससाठी नॉबखालची रिंग वर उचलावी लागते, ती नवीन नॉबला अडायला लागली. शेवटी साकीनाक्याला एका लेथवाल्याकडून अडॅप्टर करून घेतला. फरक पडला, खोटं नाही बोलणार, वजनामुळे दांड्याला झोका मिळतो आणि तो अडथळा थोडा सहज पार होतो. पण झोल (म्हणजे ते दांड्याचं सैल हलणं) आहे तेवढाच. आणि मे महिन्यात दुपारी उन्हात गाडी लावली की तो नॉब म्हणजे तापलेला तवा, रुमाल धरून गिअर टाकायचो. मग बायकोने क्रोशाची टोपी विणून दिली नॉबला. हसू नका, मेकॅनिक आधीच हसून झालाय.

दुसरं म्हणजे जवळच्या एका गॅरेजमध्ये गिअर ऑइल बदललं. ग्रेड कुठला टाकला ते विचारायचं राहिलं, बिलावर नुसतं "गिअर ऑइल". काही फरक नाही. त्यांनी एक चक्कर मारून सांगितलं "सिंक्रो गेलेत, बॉक्स उतरवावा लागेल, ४५ हजार धरून चला". (सिंक्रो म्हणजे गिअर बसायच्या आधी दोन्हीकडचा वेग जुळवणाऱ्या आतल्या रिंगा.) दांड्याखालचं कव्हर सुद्धा उघडून बघितलं नाही हो, थेट ४५ हजार.

आता डोक्यात शॉर्ट शिफ्टरचा किडा आहे. किट कार्टमध्ये पडून आहे, दांड्याचा प्रवास ३० टक्के कमी होतो म्हणतात. माझे काका काळी-पिवळी पद्मिनी चालवायचे, तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, ते म्हणायचे गिअर ढकलायचा नाही, विचारायचा, हो म्हणाला की टाकायचा. माझा गिअर तर हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही.

तर प्रश्न असा की पैसे आधी कुठे घालू? शॉर्ट शिफ्टर, बुश (जोडांमधले छोटे रबरी-प्लॅस्टिकचे तुकडे), माउंट (इंजिन धरून ठेवणारे आधार), क्लच की खरंच गिअरबॉक्स? आणि मुंबईत हे काम नीट करणारा माणूस कसा ओळखायचा?

प्रतिसाद, तिसरा गिअर:
भावा, कार्ट बंद कर आणि आधी फुकटची टेस्ट कर. इंजिन बंद, सपाट जागा, हँडब्रेक, क्लच पूर्ण दाबून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघ. एखादा अडला तर हँडब्रेक सोडून गाडी जराशी पुढे-मागे ढकल, कधीकधी नुसते दात समोरासमोर येतात. मग इंजिन चालू करून तेच. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना एक आणि रिव्हर्स अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. बंद असताना पण तेवढेच अडतात, तर भानगड दांडा किंवा केबलची. उभ्या गाडीत सगळं ठीक पण चालत्या गाडीत एकच गिअर त्रास देतो, तेव्हा त्या गिअरच्या सिंक्रोवर संशय घ्यायचा. रिव्हर्सला क्लच दाबून तीन-चार सेकंद थांब आणि मग टाक. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, घाई केली की ओरडणारच. थांबूनही ओरडला तर क्लच बघ.

प्रतिसाद, रेव्ह लिमिटर:
मी तर म्हणतो लाव शॉर्ट शिफ्टर बिनधास्त, माझ्या गाडीत दोन वर्षं आहे, मनगटावर गिअर पडतात. एवढा अभ्यास करून कोणाचं भलं झालंय.

प्रतिसाद, लेथवाला मामा:
रेव्ह लिमिटर साहेब, तुमच्या गाडीचे बुश चांगले असतील म्हणून. यांचं वेगळं आहे. आडव्या इंजिनच्या गाडीत दांडा गिअरबॉक्सला थेट लागत नाही, मधे दोन केबल असतात. एक पुढे-मागे ओढते, दुसरी डावी-उजवी. माझ्दा एमएक्स-५ च्या गिअरचं सगळे कौतुक करतात त्याचं एक कारण तिचा बॉक्स उभा, दोन सीटच्या मधे, आणि दांडा सरळ त्याच्या डोक्यावर बसलेला, केबलची भानगडच नाही. आपल्या हॅचबॅकला ते सुख नाही. दांड्याच्या बुडाला आणि केबलच्या टोकांना रबराचे नाहीतर प्लॅस्टिकचे बुश असतात, बॉनेटखालच्या गरमीत ते आधी कडक होतात, मग तुटतात.

शॉर्ट शिफ्टर म्हणजे काय, टेकूच्या खालची बाजू लांब नाहीतर वरची आखूड. पहार लहान केली की जोर जास्त लागतो, एवढंच गणित. केबलच्या टोकाचा झोल जिथे आहे तिथेच. आणि तुमची तक्रार डावी-उजवीची पण आहे, बरीच किट फक्त पुढे-मागेचा प्रवास कमी करतात, किटच्या पानावर ते नीट वाचा. शिवाय दुसऱ्या गिअरचा सिंक्रो खरंच थकला असेल तर आखूड दांड्याने जोरात ढकलून त्याचं आयुष्य अजून कमी कराल. सिंक्रोला दोन्हीकडचा वेग जुळवायला क्षणभर लागतो, तो द्यायचा.

बुश ब्रासचे, डेल्रिनचे (एक कडक प्लॅस्टिक) किंवा पॉलियुरेथेनचे करता येतात. ब्रास सगळ्यात टाइट, पण इंजिनची थरथर आणि गिअरची कुरकुर थेट हातात येईल. रोज जेव्हीएलआर असेल तर माझं मत डेल्रिन. जुना बुश मिळाला तर व्हर्नियरने मापून लेथवर होऊन जातं, मटेरियलचा रॉड नागदेवीच्या बाजारात मिळेल. वंगण लावाल ते सिलिकॉन ग्रीस, साध्या ग्रीसने रबर फुगतं.

प्रतिसाद, घाटावरचा:
मामांनी माझं काम कमी केलं. तीन गोष्टी भर घालतो. एक, ऑइलचा ग्रेड शोधून काढाच. मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल आणि गॅरेजवाल्याने सरसकट जीएल-५ ओतलं असेल तर गिअर नीट न पडायला तेच पुरेसं आहे. जीएल-५ मधली जादा प्रेशरची रसायनं पितळेच्या सिंक्रो रिंगला मानवत नाहीत, आणि रिंगला थोडं घर्षण लागतं, ती बुळबुळीत झाली तर वेग जुळवणार कशी? सकाळी जाड ऑइलमुळे अडतं म्हणावं तर मुंबईत थंडी असते कुठे, इथे तीस डिग्रीला पण अडतंय म्हणजे ऑइल चुकीचं तरी आहे नाहीतर दुसऱ्या गिअरचा सिंक्रो थोडा थकलाय.

दोन, इंजिन माउंट. बॉनेट उघडून बाजूला उभं राहा (समोर नाही), आत कोणालातरी बसवून हँडब्रेक आणि ब्रेक दाबून पहिल्यात क्लच किंचित सोडायला सांगा, मग रिव्हर्समध्ये. इंजिन पाळण्यासारखं झुललं तर खालचा माउंट गेला. इंजिन हललं की केबलचं टोक पण हलतं, मग दांड्यात नेमकेपणा येणार कुठून?

तीन, गाडी कधी पाण्यातून गेलीये का? हिंदमाता, मिलन सबवे वगैरे? केबलच्या नळीत पाणी शिरून गंज धरला की दांडा जड होतो, मग बुश बदलून काही होत नाही. आणि हो, ट्रॅफिकमध्ये गिअरवर हात ठेवून बसायची सवय असेल तर सोडा, त्या वजनाने आतला फोर्क (गिअर सरकवणारा काटा) स्लीव्हवर, म्हणजे तो सरकवतो त्या कड्यावर, घासत राहतो.

प्रतिसाद, क्लचमुक्त:
ऑटोमॅटिक घ्या आणि सुखी व्हा.

मूळ लेखक:
क्लचमुक्त, तुमच्यासारखं सुख आमच्या नशिबी नाही. बाकी सगळ्यांना साष्टांग.

शनिवारी रात्री बेसमेंट पार्किंगमध्ये टेस्ट केली. इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात, पण झोल तसाच. इंजिन चालू केल्यावर एक आणि रिव्हर्स जड. म्हणजे दोन वेगळी दुखणी निघाली, मी एकच समजून बसलो होतो. मग बॅटरीचा ट्रे काढला, मोबाइलचा टॉर्च वॉचमनच्या हातात दिला आणि बॉक्सकडचं केबलचं टोक बघितलं. हात लावला तर बुश चहात बुडवलेल्या खारीसारखा बोटांवर आला. अर्धा आधीच गायब होता, धातूवर धातू खडखडत होता. वॉचमन म्हणाला, "साहेब, हे तर संपलंय." ४५ हजारवाल्याला हे दिसलं नव्हतं.

ओरिजिनल बुश ऑपेरा हाउसच्या स्पेअरपार्ट दुकानांत मिळाले, दोन टोकांचे मिळून सातशे रुपये. डेल्रिनचा विचार होता पण रविवारची घाई, सध्या ओरिजिनलच. क्लचचं ऑइल उघडलं तर कटिंग चहाच्या रंगाचं. ते कधी बदलायचं असतं हेच माहीत नव्हतं, ब्रेकचंच डॉट ४ असतं म्हणे आणि हवेतला ओलावा खेचतं. दुसऱ्या एका मेकॅनिककडे पूर्ण काढून नवीन भरून ब्लीड केलं, म्हणजे आतली हवा काढली. रिव्हर्स आता तीन सेकंद थांबून टाकला की गप्प बसतो. माउंट बघितला, थोडा झुलतो पण पाळणा नाही. गाडी आधी परळच्या माणसाकडे होती, पाण्यातून गेली का विचारलं तर म्हणतो "थोडंफार". हे थोडंफार किती ते देवाला ठाऊक, पण टोकं सोडल्यावर दोन्ही केबल हाताने मोकळ्या सरकत होत्या.

दांड्याचा झोल दोन बोटांवरून अगदी किंचितवर आलाय. तीन-चार-पाच आता सिटीएवढे नाही, पण टक् च्या जवळचे. राहिला तो सकाळचा दुसरा गिअर. तो अजून फुगलेला दरवाजाच आहे. त्या पहिल्या गॅरेजला फोन केला, कुठला ग्रेड टाकला, तर "जो सगळ्यांना टाकतो तोच".

प्रतिसाद, घाटावरचा:
घ्या, उत्तर मिळालं. मॅन्युअल उघडा, त्यातला ग्रेड घ्या, जुनं गरम असताना काढा म्हणजे गाळ सकट येईल, आणि ड्रेन बोल्टच्या मॅग्नेटवर काय चिकटलंय त्याचा फोटो टाका. राखेसारखी बारीक पूड चालेल. पितळेचे पिवळे कण मॅग्नेटला चिकटत नाहीत, ते ऑइल पांढऱ्या ताटलीत घेऊन बघा. कण दिसले तर बोलू. तोवर सकाळचे दोन किमी, दोन टाकताना न्यूट्रलला क्षणभर थांबा, जमलं तर डबल क्लच करा, म्हणजे न्यूट्रलला क्लच एकदा सोडून परत दाबा आणि मग टाका.

मूळ लेखक:
शनिवारी ऑइल. ताटली कुठली न्यायची यावर घरात चर्चा चालू आहे. शॉर्ट शिफ्टर कार्टमध्येच आहे, काढवत नाही.